जमीन घेण्याआधी : भंडारा जिल्ह्यातील पर्यावरणीय पूर्वतपासणीची प्रस्तावना

भंडाऱ्याहून लाखनी-साकोलीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या हळूहळू मागे सरकल्या आणि गोदामे, शोरूम, लॉन, हॉटेले पुढे आली. तुमसर, मोहाडी, पवनी या बाजूंनाही कमीअधिक प्रमाणात हेच चालू आहे. धंद्यासाठी जमीन घेणारा माणूस इथे साधारणपणे तीन गोष्टी विचारतो : भाव काय, रस्त्याला लागून किती फूट, आणि सातबारा साफ आहे ना. तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि ते विचारायला कुणाला शिकवावे लागत नाही. या पुस्तकाचा विषय चौथा प्रश्न हा आहे : या जमिनीवर आजवर काय काय झाले, आणि त्यातले काय अजून तिथेच आहे?

हा प्रश्न शिस्तीने विचारण्याच्या विद्येला पर्यावरणीय पूर्वतपासणी म्हणतात. मोठ्या कंपन्या आणि त्यांना कर्ज देणाऱ्या बँका ती करवून घेतात. तिचे जाडजूड अहवाल मुंबईत, पुण्यात तयार होतात. पण भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात बहुतेक व्यवहार याहून लहान असतात. बंद पडलेली राईस मिल घेणारा व्यापारी, महामार्गालगत सर्व्हिस सेंटर टाकू पाहणारा तरुण, गोसेखुर्द धरणाच्या पाण्याकाठी हॉटेल बांधण्याचे मनात असलेले कुटुंब, आणि या सर्वांचे कागद पाहणारा वकील ही मंडळी डोळ्यांपुढे ठेवून ही पाने लिहिली आहेत. यातल्या कुणालाही रसायनशास्त्र येणे आवश्यक नाही. वाचकांनी फक्त एवढे मान्य करावे की विकत घेतलेल्या जमिनीबरोबर तिचा पूर्वेतिहासही आपल्या नावावर चढतो.

कायदा याबाबतीत खरेदीदाराला फार लाडावत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विक्रेत्याने जमिनीतला महत्त्वाचा दोष सांगितला पाहिजे हे खरे; पण तो दोष विक्रेत्याला ठाऊक असावा आणि खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊनही सापडण्याजोगा नसावा, अशा अटी तिथेच आहेत. म्हणजे थोडी चौकशी केली असती तर जे कळले असते, त्याबद्दल नंतर तक्रार करणे अवघड. सामान्य काळजी म्हणजे नेमकी किती, यावर वकील वाद घालतील. माझ्या मते पूर्वतपासणी हेच त्या काळजीचे आजचे रूप आहे, आणि भंडाऱ्यात ती घेणे इतर अनेक ठिकाणांपेक्षा सोपे आहे. असे का, ते पुढे येईलच.

या विद्येचा जन्म अमेरिकेतला. न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स शहरात 'लव्ह कॅनॉल' नावाच्या अर्धवट खोदलेल्या कालव्यात हूकर केमिकल कंपनीने रासायनिक कचरा पुरला होता. १९५३ मध्ये कंपनीने ती जागा एका डॉलरला स्थानिक शाळा मंडळाला दिली. तिथे शाळा झाली, भोवती घरे झाली, आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून लोकांना हलवावे लागले. त्यातून १९८० चा 'सुपरफंड' कायदा आला. त्याने दूषित जमिनीच्या सफाईची जबाबदारी सध्याच्या मालकावरही टाकली, आणि १९८६ च्या दुरुस्तीने 'घेण्यापूर्वी मी योग्य चौकशी केली होती' असे दाखवू शकणाऱ्यास बचावाची वाट ठेवली. ती चौकशी कशी करायची याचा नमुना १९९३ मध्ये पहिल्यांदा प्रमाणित झाला. पहिल्या टप्प्यात कागद, पाहणी आणि मुलाखती. शंका आली तर दुसऱ्या टप्प्यात माती-पाण्याचे नमुने. आज जगभर हाच साचा चालतो.

आपल्याकडचा मोठा धडा राजस्थानातल्या बिछडी गावाचा. उदयपूरजवळच्या या गावात एच-ॲसिड बनवणारे कारखाने बंद झाले, पण त्यांचा गाळ उघड्यावर राहिला आणि विहिरींचे पाणी वापरण्याजोगे उरले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये 'प्रदूषण करणाऱ्याने भरावे' हे तत्त्व लावून निकाल दिला, तरी पैशाची लढाई २०११ पर्यंत चालली. २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्याने हेच तत्त्व कलमात आणले, आणि जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. तत्त्व चांगलेच आहे. मात्र जो प्रदूषण करून निघून गेला तो सापडत नाही, त्याची कंपनी मोडीत निघालेली असते, आणि अधिकारी येतात ते आज ज्याच्या नावाची पाटी आहे त्याच्या फाटकाशी. नवा मालक पुढे निर्दोष ठरेलही, पण दरम्यान त्याचे बांधकाम थांबलेले असते आणि बँकेचे व्याज चालू असते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. हे करताना वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : परदेशी साचा जसाच्या तसा भंडाऱ्यात लावला तर त्याची अर्धी पाने कोरी राहतात आणि इथले खरे प्रश्न सुटून जातात. तो साचा भूमिगत टाक्या, ड्राय क्लीनिंगची दुकाने, जुने रासायनिक कारखाने शोधत फिरतो. इथल्या जमिनीचे गुपित बहुधा पाण्याचे, झुडपांचे किंवा खनिजाचे असते. आणि सुदैवाने त्यातले बरेचसे आधीच कुठेतरी लिहून ठेवलेले असते.

पहिले उदाहरण झुडपी जंगलाचे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांच्या महसुली नोंदींत हा प्रकार आहे. खुरटी झुडपे, मुरमाड जमीन, गुरे चारण्याची जागा. डोळ्यांना तिथे जंगल दिसत नाही. पण सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने, सरकारदप्तरी वन म्हणून नोंदलेली जमीन मालकी कुणाचीही असली तरी वनच मानायची असे ठरले, आणि २२ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने झुडपी जंगलही त्या अर्थाने वन असल्याचे स्पष्ट केले. १९९६ पूर्वीच्या वाटपांना नियमित करण्याची वाट ठेवली आणि नंतरच्या वाटपांकडे कडक नजरेने पाहण्यास सांगितले. महामार्गालगतचा एखादा उजाड, स्वस्त आणि सपाट तुकडा तुम्हाला कुणी दाखवला, तर आजच्या सातबाऱ्यावर थांबू नका. मौजा, पटवारी हलका आणि खसरा क्रमांक घेऊन जुन्या अधिकार अभिलेखापर्यंत मागे जा. १९५४-५५ चा अधिकार अभिलेख विदर्भातल्या वकिलांच्या ओळखीचा कागद आहे. झुडपी, गायरान किंवा पाण्याखालची जमीन अशा जुन्या नोंदी तिथे मिळतात, ज्या पुढच्या फेरफारांत कुठेतरी गळालेल्या असू शकतात.

दुसरे उदाहरण तलावांचे, आणि या विषयावर थोडे रेंगाळण्याची परवानगी वाचकांनी द्यावी, कारण जिल्ह्याचा खरा अभिमान इथे आहे. भंडारा-गोंदियाला तलावांचा प्रदेश म्हणतात. गोंडराजांच्या काळापासून कोहळी शेतकऱ्यांनी उतार ओळखून पाळी घातल्या, पाणी अडवले, धान पिकवले. मालगुजारीच्या काळात हे तलाव मालगुजारांच्या नावे राहिले. १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यानंतर ते सरकारकडे आले आणि माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव, म्हणून ओळखले जाऊ लागले. मोठे तलाव सर्वांना ठाऊक असतात. घोटाळा होतो तो बोड्यांचा, म्हणजे लहान तळ्यांचा. एखाद्या शेताच्या कोपऱ्यातली लहानशी बोडी गाळाने भरते, कुणीतरी तिच्यात मुरूम टाकते, आणि पाचसहा वर्षांत ती रस्त्यालगतची 'लेव्हल केलेली' जागा म्हणून बाजारात येते.

अशी जागा ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही. पावसाळा संपता संपता, अश्विनात, तिथे जा. आजूबाजूच्या काळपट-पिवळ्या मातीत मधेच लाल मुरमाचा चौकोन दिसतो. त्याच्या कडेला बेशरमाची झुडपे आणि पाणकणीस उगवलेले असते. पाणकणीस ओल असल्याशिवाय जगत नाही. कंपाउंडची भिंत नवीन असूनही तिला तिरका तडा गेलेला असतो. जवळच एक लांबट, उंचवट्यासारखी पाळ असते, तिच्यावर मोह किंवा अर्जुनाचे जुने झाड, आणि ती पाळ काही कारण नसल्यासारखी मधेच तुटते. हे सगळे पाहिल्यावर भूमापनाचा जुना नकाशा काढला की त्या तुटलेल्या पाळीची उरलेली अर्धी बाजू कागदावर सापडते. पुढचा प्रश्न हा की ते पाणी आता जाते कुठे. पाया खचणे ही एक अडचण. तुमच्या भरावामुळे खालच्या शेतकऱ्याची बांधी कोरडी पडली किंवा वरची बुडाली, ही दुसरी आणि जास्त लांबणारी.

इथेच आपल्या महसुली दप्तराचे मोल कळते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद आहे, आणि जुन्या मध्य प्रांताचा वारसा असलेल्या विदर्भात हे कागद गावागणिक सापडतात. निस्तार पत्रकात गावाच्या सामाईक वापराच्या जागा असतात : चराई, सरपण, स्मशान, गाडीवाट. वाजिब-उल-अर्जात सरकारी नसलेल्या जमिनीवरचे आणि पाण्यावरचे रूढ हक्क असतात, म्हणजे पाणी नेण्याचा, वहिवाटीचा, मासे धरण्याचा हक्क. एखाद्या जागेच्या पाण्याचा आणि वापराचा इतिहास समजून घ्यायला इतका चांगला आधार मिळावा ही साधी गोष्ट नव्हे. बाहेरून आलेल्या सल्लागारांच्या अहवालात या दोन कागदांचा उल्लेख सहसा नसतो, आणि मला त्याचे दर वेळी आश्चर्य वाटते.

नदीकाठच्या जमिनीला वेगळा हिशेब लागतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील धरणांतून सोडलेले पाणी एकत्र आले तेव्हा वैनगंगेने भंडारा शहराच्या सखल वस्त्या व्यापल्या. जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा, म्हणजे सरासरीने २५ वर्षांतून एकदा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या मर्यादा, पाहिल्याशिवाय नदीकाठी इसार देऊ नये. पवनीकडे गोसेखुर्दची पूर्ण संचय पातळी २४५.५ मीटर आहे; तिच्या आसपासच्या उंचीवर बांधकाम योजत असाल तर अभियंत्याला समुद्रसपाटीपासूनची पातळी मोजायला लावा, अंदाज चालणार नाही. शिवाय नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येते. पाण्याकाठच्या हॉटेलच्या मालकाला पाहुण्यांपुढे त्या पाण्याचा वास आणि जलपर्णी यांचा खुलासा करावा लागू शकतो. ही बाब सातबाऱ्यावर कधीच येत नाही.

तुमसर तालुक्यात मँगनीज आहे. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या मॉयल कंपनीच्या खाणी तिथल्याच. माणेकनगरला फेरोमँगनीजचा कारखाना अनेक वर्षे चालून बंद पडला. या भागात पूर्वतपासणी करणाऱ्याला एक नाजूक भेद शिकावा लागतो : सापडलेले मँगनीज माणसाने आणलेले की खडकातच असलेले? बोअरवेलचे पाणी बादलीत रात्रभर ठेवले आणि सकाळी तळाला काळसर गाळ बसला, नळाच्या तोटीत काळा थर दिसला, तर पाण्यात मँगनीज असण्याची शक्यता मोठी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत असावे, पर्याय नसेल तर ०.३ पर्यंत चालते. पण प्रयोगशाळेचा आकडा जास्त आला म्हणून शेजारच्या भट्टीकडे बोट दाखवण्याची घाई करू नका. उताराच्या वरच्या बाजूच्या, उद्योगापासून लांब असलेल्या दोन-तीन विहिरींचे नमुने त्याच दिवशी घ्या. तिथेही तेवढेच असेल तर तो खडकाचा गुण आहे. तुमच्या जागेतच एकदम चढत असेल तर भरावात भट्टीचा मळ तर टाकला नाही ना, ते खोदून पाहावे. खाणकामातून झालेले प्रदूषण २०२५ च्या नव्या नियमांच्या कक्षेतून सामान्यतः वगळलेले आहे, त्यामुळे खाणीशेजारच्या जमिनीबाबत स्वतःची खातरजमा अधिकच गरजेची ठरते.

राईस मिलबद्दल थोडक्यात. उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये धान भिजवलेले पाणी कुठे सोडत होते आणि बॉयलरची तुसाची राख कुठे टाकत होते, हे दोन प्रश्न पुरतात. पहिल्याचे उत्तर नाल्याच्या वासावरून मिळते, दुसऱ्याचे मागच्या कुंपणाशी. जुन्या पितळी भांड्यांच्या कारखान्याची जागा शहरात घेत असाल तर जास्त सावध राहा. भंडाऱ्याचे पितळ दूरवर पोचले ही आपल्या कारागिरांची कमाई आहे. पण ओतकामाची भट्टी, भंगारातून आलेले मिश्रधातू आणि भांडी धुण्याचे आम्ल यांमुळे अंगणातल्या मातीत तांबे, जस्त आणि कधी शिसेही राहू शकते. तिथे मुलांची शाळा किंवा खानावळ काढायची असेल तर वरच्या फूटभर मातीची तपासणी करूनच पुढे जावे.

महामार्गावरचे गॅरेज आणि बंद पेट्रोल पंप ही तर पाठ्यपुस्तकी उदाहरणे. गॅरेजच्या पिटाजवळची माती जळक्या ऑइलने काळी आणि चिकट झालेली असते. तिचा खडा काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टाकला की वर सप्तरंगी तवंग येतो. ही परीक्षा न्यायालयात चालणार नाही, पण पुढची तपासणी करायची की नाही हे ठरवायला पुरते. पंपाच्या बाबतीत जमिनीखालच्या टाक्या काढल्या की वाळू भरून तिथेच ठेवल्या, याचा लेखी पुरावा मागावा.

कामाचा क्रम कसा ठेवावा, याबद्दल माझे मत ठाम आहे. आधी कागद, मग पाय, मग माणसे, आणि प्रयोगशाळा सर्वांत शेवटी. कागदांत सातबारा, फेरफार, अधिकार अभिलेख आणि निस्तार पत्रक यांच्या जोडीला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतिपत्रे घ्यावीत. आधीच्या उद्योगाला कुठल्या वर्गाची संमती होती, तिची मुदत केव्हा संपली आणि तिच्यात कचऱ्याबाबत कोणत्या अटी होत्या, यांवरून जागेवर काय शोधायचे ते कळते. जमीन कोका, उमरेड-कऱ्हांडला किंवा नवेगाव-नागझिरा या संरक्षित क्षेत्रांच्या आसपास असेल, तर परिसंवेदनशील क्षेत्राची हद्द वनविभागाकडून लेखी घ्यावी. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीजवळ बांधकामावर निर्बंध आहेत का, तेही पाहावे. तिथल्या जानेवारी २०२५ च्या स्फोटानंतर हे कुणाला पटवून सांगावे लागू नये. आणि २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठे बांधकाम योजत असाल तर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे पूर्व पर्यावरण मंजुरीचा काळ हिशेबात धरावा लागतो.

माणसांशी बोलताना घाई नको. कोतवाल, जुने पोलीस पाटील, तलावाच्या पाण्याची पाळी लावणारे, मासेमारी सोसायटीची माणसे, कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर : यांना कागदावर नसलेले सगळे ठाऊक असते. 'इथे प्रदूषण होते का?' असे विचारले तर सरळ 'नाही' असे उत्तर येते, कारण त्या शब्दाला भांडणाचा वास आहे. 'काकाजी, या विहिरीचं पाणी आधी पीत होते का जी? मग केव्हा बंद केलं?' असे विचारा. उत्तर सनावळीसकट येते, आणि बहुतेक वेळा चहाही येतो. नुसते ऐकून घेऊ नका; जे कळले ते त्याच संध्याकाळी तारीख घालून लिहून ठेवा, कारण तुमची चौकशी झाली होती याचा तोच दाखला.

प्रयोगशाळेचा खर्च पाहून अनेकांचे हातपाय गळतात. म्हणूनच ती शेवटी ठेवली. आधीची तीन कामे नीट झाली असतील तर वीस ठिकाणी खोदण्याऐवजी तीन ठिकाणी खोदून भागते, आणि कुठल्या घटकांची तपासणी मागायची तेही ठरलेले असते. नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या माणसानेच घ्यावा. घरून आणलेल्या पाण्याच्या बाटलीतला नमुना कुणीही मानत नाही.

शेवटचे प्रकरण इसारपत्रावर आहे आणि घाईत असलेल्या वाचकांनी तेच आधी वाचायला माझी हरकत नाही. तपासणीसाठी साठ किंवा नव्वद दिवसांची मुदत, त्या काळात जागेवर जाण्याची आणि खोदण्याची परवानगी, विक्रेत्याने पूर्वीच्या वापराबद्दल लेखी द्यायचे निवेदन, आणि दोष निघाल्यास इसार परत किंवा भावात वजावट, एवढी चार कलमे त्यात हवीत. विक्रेता कुरकुर करतो. दलाल त्याहून जास्त करतो, आणि दुसरे गिऱ्हाईक तयार असल्याचे सांगतो. कलमांचे नमुने परिशिष्टात दिले आहेत. आपल्या वकिलाला दाखवून, आपल्या व्यवहाराला बेतून घ्यावेत.